मदत हवी आहे: मराठी विकिपीडियावर आपल्याच शहरातल्या कंपनीबद्दल लिहिताना जाहिरातही नको आणि बदनामीही नको, हे कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. मराठी विकिपीडियावर विदर्भातल्या विषयांवर लिहितो: तलाव, जुने बाजार, वाचनालयं, गिरण्या. या लेखांवर वाद फारसे होत नाहीत. कंपन्यांच्या लेखांवर मात्र पार अडकलो आहे, म्हणून हा धागा.

हिंगणा एमआयडीसीत शेतीची अवजारं बनवणारी एक जुनी कंपनी आहे. नाव देत नाही, कारण हे दुखणं त्या एका कंपनीचं नाही. तिच्यावर एक छोटा, साधा लेख होता. कधी सुरू झाली, काय बनवते, कारखाने कुठे आहेत, आणि कामगारांच्या संपावर एक परिच्छेद. संपाच्या बातम्या दोन वेगवेगळ्या दैनिकांत आल्या होत्या आणि दोन्हींचे संदर्भ दिलेले होते. मध्यंतरी एका नव्या खात्यावरून सगळा लेख बदलला गेला. आता पहिलंच वाक्य असं आहे: "विदर्भातील अग्रगण्य, विश्वासार्ह आणि शेतकऱ्यांच्या मनावर अधिराज्य गाजवणारा उद्योगसमूह." पुढे संस्थापकांची दूरदृष्टी, पुरस्कारांची यादी, प्रत्येक अवजाराचा मॉडेल क्रमांक, आणि तळाशी विक्री विभागाचा फोन. संपाचा परिच्छेद गेला.

त्यावर चिडून दुसऱ्या कोणीतरी "शेतकऱ्यांची लूट" असा नवा विभाग टाकला. संदर्भ म्हणून फेसबुकवरच्या दोन तक्रारी. म्हणजे आता वरचा अर्धा लेख आरती आणि खालचा अर्धा शिव्या. काही जण म्हणतात, झालं की संतुलन! मला ते पटत नाही. वाचणाऱ्याला यातून त्या कंपनीबद्दल खात्रीचं एकही वाक्य मिळत नाही.

दुसरी अडचण संदर्भांची. स्थानिक दैनिकांत या कंपनीवर भरपूर छापून आलंय, पण त्यातलं बरंचसं कंपनीनंच पाठवलेलं दिसतं. तीन पेपरांत शब्दन् शब्द तीच बातमी. हे स्वतंत्र संदर्भ मानायचे का?

तिसरी अडचण घरची. माझे मामाजी याच कंपनीतून निवृत्त झाले. मी या लेखावर काम करतोय हे कळल्यावर त्यांचा फोन आला: "अरे, आपल्या गावची कंपनी आहे, चार शब्द चांगले लिहिले तं काय बिघडते? अन् तो संप कायले उकरून काढतं?" त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्या पगारावर त्या घरातली मुलं शिकली. अशा वेळी मी या लेखाला हात लावावा का, हाही प्रश्न आहेच.

ज्यांनी असे लेख हाताळलेत त्यांनी कृपया नीट सांगा. "तटस्थ राहा" एवढं मलाही ठाऊक आहे. वाक्य समोर आल्यावर नेमकं काय करायचं ते हवंय.

— नागनदीकाठ

प्रतिसाद: कागदपत्रवाला

वाक्यावरून वाक्याकडे जा, आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: कंपनीशी देणंघेणं नसलेल्या कोणी हे म्हटलंय का, आणि कुठे? "अग्रगण्य" कोणाच्या मते? विक्रीत, निर्यातीत की कामगारसंख्येत? कोणत्या वर्षी? उत्तर मिळालं तर आकडा, वर्ष आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा, विशेषण आपोआप अनावश्यक होतं. उत्तर मिळालं नाही तर वाक्य काढा. "लूट"लाही हाच प्रश्न. ग्राहक आयोगाचा निकाल असेल आणि त्याची बातमी असेल तर कोणत्या तक्रारीत काय निकाल लागला एवढं लिहा. फेसबुकवरची तक्रार खरी असू शकते, पण ती तपासलेली नाही.

आता काही ठरावीक दावे. हे प्रत्येक कंपनीच्या लेखात सापडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"सामाजिक बांधिलकी जपणारी कंपनी." कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावीच लागते. कायद्यानं करावा लागणारा खर्च थोरवी म्हणून कसा मांडणार? त्या पैशातून एखादं रुग्णालय उभं राहिलं आणि त्यावर कोणी बाहेरच्यानं लिहिलं असेल, तर रुग्णालयाबद्दल जरूर लिहा.

"आयएसओ प्रमाणित." आयएसओ ही संस्था मानकं बनवते, प्रमाणपत्रं स्वतः देत नाही. ती वेगळ्या प्रमाणन संस्था देतात, आणि अशी प्रमाणपत्रं असंख्य कंपन्यांकडे असतात. खाद्यपदार्थांच्या कंपन्यांच्या लेखात "एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) मान्यताप्राप्त" असं मिरवलेलं असतं. त्या परवान्याशिवाय किंवा नोंदणीशिवाय तो धंदाच करता येत नाही. हॉटेलच्या लेखात "इथे वीजजोडणी आहे" असं लिहिण्यासारखं आहे ते.

"१९५८ पासून सेवेत." इथे जरा थांबा. कंपनीच्या ओळख क्रमांकात, म्हणजे सीआयएनमध्ये, २१ अक्षरं-आकडे असतात. पहिलं अक्षर एल असेल तर ती शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. नंतरचे पाच आकडे उद्योगाच्या प्रकाराचे, मग दोन अक्षरं राज्याची, आणि त्यापुढचे चार आकडे म्हणजे कंपनी म्हणून नोंदणी झाल्याचं वर्ष. लेखात १९५८ आणि क्रमांकात १९८४ दिसलं म्हणजे लगेच खोटं ठरवू नका. आधी भागीदारीतलं दुकान असेल, नंतर कंपनी झाली असेल. मग दोन्ही वर्षं वेगवेगळी लिहा, आणि पहिल्या वर्षाला संदर्भ मागा.

पुरस्कार: देणाऱ्या संस्थेवर स्वतंत्र माहिती उपलब्ध नसेल तर वगळा. पैसे भरून मिळणारे पुरस्कार आपल्याकडे बरेच आहेत.

फोन नंबर आणि मॉडेलची जंत्री आजच काढा, त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचं "आमच्याविषयी" पान उचलून चिकटवलंय का तेही बघा. तसं असेल तर जाहिरातीच्या आधी तो प्रताधिकाराचा भंग आहे.

प्रतिसाद: वाचनालयातली

पेपरांच्या बातम्यांबद्दल माझा अनुभव सांगते. तीन पेपरांत एकच मजकूर असेल तर तो एकच स्रोत धरायचा, आणि तो स्रोत म्हणजे कंपनी. ओळखायच्या खुणा: बातमीदाराचं नाव नसतं, "वाणिज्य प्रतिनिधी" असतं, संचालकांचं अवतरण असतं पण दुसऱ्या कोणाचंच मत नसतं, कारखान्याऐवजी समारंभाचा फोटो असतो. वर्धापनदिनाच्या पुरवण्या तर बहुतेक जाहिरातींच्या आधारानंच निघतात. अशा बातमीतून नव्या शाखेची तारीख घ्यायला हरकत नाही, मोठेपणा घ्यायचा नाही.

खरं काम जुन्या अंकांत आहे. सीताबर्डीवरच्या राजाराम वाचनालयासारख्या ठिकाणी बसा, संपाच्या काळातले अंक मागा. 'हितवाद' १९११ पासूनचा पेपर आहे, मराठी दैनिकांबरोबर तोही चाळा. विद्यापीठात विदर्भातल्या उद्योगांवर प्रबंध झालेत, त्यांच्या संदर्भसूचीतून पुढची वाट सापडते.

आणि सराव म्हणून आधी एम्प्रेस मिलचा लेख घ्या. नागपूरकराला त्या गिरणीबद्दल प्रेम असतंच, मलाही आहे. जमशेदजी टाटांची ती गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं आणि गिरणीला नाव मिळालं. रिंग स्पिंडलचा (सूत कातायच्या नव्या पद्धतीच्या चात्यांचा) वापर भारतात लवकर करणाऱ्या गिरण्यांत ती होती. हे सगळं "भारतीय उद्योगाचा मुकुटमणी" न म्हणता लिहिता येतं, आणि जास्त ठसतं. पुढे ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद झाली, हजारो घरांचा रोजगार गेला, आज त्या जागेवर मॉल आहे. हेही त्याच आवाजात लिहायचं. आवाज चढवायचा नाही, पाडायचाही नाही. हे एकदा जमलं की हिंगण्याची कंपनी सोपी जाईल.

प्रतिसाद: गांधीबागकर

माझं मत थोडं वेगळं आहे. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांवर पानंच्या पानं आहेत. आपल्या बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्यांवर मराठीत दोन ओळी मिळत नाहीत. कोणी उत्साहानं लिहिलं आणि जरा कौतुक झालं, तर लगेच कात्री कशाला? अशानं लिहिणारेच पळून जातील भाऊ.

प्रतिसाद: नागनदीकाठ

गांधीबागकर, तुमची कळकळ मला मान्य आहे. मी स्वतः त्याच कारणानं या कामाला लागलो. पण आपल्याकडचे लेख मोजके असल्यामुळेच ते सांभाळून लिहायला हवेत असं मला वाटतं. बाहेरच्या कोणी तो एक लेख उघडला आणि त्यात "मनावर अधिराज्य" वाचलं, तर तो खऱ्या माहितीवरही विश्वास ठेवणार नाही. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कामाची सुरुवात नागपुरातच झाली. त्यासाठी त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढून लोकांकडून भांडवल जमवलं आणि २३ खंड पुरे केले. पैसा कंपनीच्या वाटेनं उभा राहिला तरी खंड उघडणाऱ्याला माहितीच हवी होती. शंभर वर्षांनंतर आपल्या वाचकालाही तेच हवंय.

कागदपत्रवाला आणि वाचनालयातली, तुमचे अनेक आभार. अगदी असंच काहीतरी हवं होतं.

प्रतिसाद: तिसरा मजला

मी नागपुरातल्याच एका कंपनीत जनसंपर्काचं काम करते (वरची कंपनी नव्हे). आमच्या बाजूनंही विचारते. लेखात कारखान्यांची संख्या चुकलीय, संचालक बदललेत, आणि आम्हाला वरून सांगितलं जातं की "पेज नीट करा". आम्ही काय करायचं? गुपचूप बदल करायची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद: कागदपत्रवाला

तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. जून २०१४ पासून विकिमीडियाच्या वापरअटींत हे स्पष्ट आहे: पगार किंवा मोबदला घेऊन संपादन करत असाल तर मालक कोण, ग्राहक कोण, संबंध काय, हे जाहीर करायचं. नोकरीचा भाग म्हणून केलेलं कामही त्यात येतं. तुमच्या सदस्यपानावर तसं लिहा. मग लेखाला हात न लावता त्याच्या चर्चापानावर (लेखाबद्दल बोलायच्या वेगळ्या पानावर) विनंती टाका: अमुक वाक्य चुकीचं आहे, बरोबर माहिती ही, संदर्भ हा. नाव स्वतःचं वापरा, कंपनीचं नको. नकोसा पण संदर्भ असलेला मजकूर काढायची विनंती मात्र करू नका. त्यात तथ्याची चूक असेल तर ती चूक दाखवा.

तुमच्या साहेबांना आणखी एक सांगा. "विकिपीडिया पेज बनवून देतो" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अशा एका टोळीची ३८१ खाती बंद केली गेली. नाकारलेले मसुदे हेरून छोट्या व्यावसायिकांकडून ते छापायचे पैसे घ्यायचे, आणि पुढे लेख "राखण्या"चेही, असा तो धंदा होता. शिवाय तिथल्या बाहेरच्या दुव्यांना नोफॉलो (शोधयंत्रांनी हा दुवा मोजू नये अशी खूण) लावलेलं असतं, त्यामुळे शोधयंत्रात वर येण्यासाठी दुवा पेरण्यातही अर्थ नाही.

नागनदीकाठ, मामाजींबद्दल: निवृत्त नातेवाईक असणं म्हणजे तुम्हाला मोबदला मिळतोय असं नाही. पण जवळचा संबंध आहे, तो चर्चापानावर एका ओळीत सांगून टाका आणि वादाचा भाग आधी तिथे मांडा. दुसऱ्या कोणी बघून तो लेखात घेतला की तुमच्यावरही बोट उठणार नाही आणि लेखावरही.

प्रतिसाद: नागनदीकाठ

तसंच करतो. चर्चापानासाठी मसुदा तयार केलाय, जरा डोळ्यांखालून घाला. (वर्षं आणि नावं अंक पाहून भरीन, सध्या जागा मोकळी ठेवलीय.)

"... ही नागपूरजवळील हिंगणा औद्योगिक वसाहतीतील शेती अवजारे बनवणारी कंपनी आहे. तिची नोंदणी ... साली झाली. कंपनी नांगर, पेरणीयंत्रे आणि मळणीयंत्रे बनवते. ... साली वेतनवाढीच्या मागणीसाठी कामगारांनी संप केला. व्यवस्थापनाच्या आडमुठ्या धोरणामुळे तो लांबला आणि अखेर करार होऊन मिटला."

प्रतिसाद: वाचनालयातली

चांगलं आहे. फक्त "आडमुठ्या" काढा, तो तुमचा निवाडा झाला. बातमीत कामगार संघटनेनं व्यवस्थापनाला दोष दिला असेल तर "संघटनेच्या म्हणण्यानुसार" असं लिहा, आणि त्याच बातमीत व्यवस्थापनाचं म्हणणं असेल तर तेही एका वाक्यात घ्या. संप किती दिवस चालला आणि करारात काय ठरलं हे मिळालं तर नक्की टाका, कामगारांच्या घरच्यांना तेच शोधायचं असतं. आणि हा परिच्छेद लेखाच्या एकूण लांबीच्या मानानं ठेवा. सहा ओळींच्या लेखात चार ओळी संपाच्या झाल्या तर तोल तिकडून जाईल.

प्रतिसाद: नागनदीकाठ

"आडमुठ्या" काढला. कराराच्या अटींसाठी शनिवारी वाचनालयात जुने अंक बघायला जातोय. मामाजींनाही सोबत यायला सांगितलंय. संप नेमका कोणत्या महिन्यात सुरू झाला हे त्यांना आठवतंय, म्हणजे फायली शोधायला सोपं जाईल. लेखात तारीख मात्र छापील अंकातलीच जाईल. कोणाकडे त्या काळातल्या कामगार संघटनांवरचा प्रबंध किंवा पुस्तक असेल तर कृपया इथे सांगा.