काराव्हाज्जोच्या चित्रातला मत्तय नेमका कोणता?

मुशाफिर: रोमला सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘संत मत्तयाला पाचारण’ (१५९९-१६००) बघून आलो आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मत्तय म्हणजे येशूने बोलावून शिष्य केलेला जकातवाला. चित्रात जकातवाल्यांचं टेबल, भोवती पाच जण, उजवीकडून येशू हात पुढे करून बोलावतोय. पण कोणाला? सगळे म्हणतात मधला दाढीवाला. मला तर डाव्या टोकाचा पोरगा वाटतो, मान खाली, नाण्यांवरून नजर हलत नाही, आणि दाढीवाला बोट करतोय ते ‘हा का?’ असं त्याच्याकडेच.

चष्मिष: काहीतरीच! त्याच चॅपलमध्ये (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनाकक्षात) अजून दोन चित्रं आहेत ना, वेदीवर मत्तय लिहितोय आणि समोरच्या भिंतीवर त्याचा खून होतोय, दोन्हीकडे दाढीवाला बाप्या आहे. मग इथेच पोरसवदा कसा?

मुशाफिर: अहो, खून बऱ्याच वर्षांनी झाला, तोवर दाढी येणार नाही का :)

लिंबूसरबत: चष्मिषला +१. उजेड बघा ना, चित्रातल्या खिडकीतून काहीच येत नाही, येतोय तो येशूच्या डोक्यावरून तिरका आणि थेट दाढीवाल्याच्या तोंडावर. अजून काय पुरावा पाहिजे?

खडूस_काका: उजेड पिसाच्या टोपीवाल्या पोरांवर पण पडलाय, त्यांनाही संत करून टाका.

चष्मिष: काका, चेष्टा सोडा. दाढीवाल्याचा दुसरा हात बघितला का? तो अजून टेबलावर नाण्यांपाशीच आहे. एका हाताने ‘मी?’ विचारतोय आणि दुसरा पैसा सोडायला तयार नाही, माणूस असाच असतो हो. येशूचा हातही मायकेलअँजेलोच्या सिस्टीन चॅपलमधल्या चित्रातल्या आदामाच्या हातासारखा सैल, हुकूम सोडल्यासारखा नाहीच. अशा हाताला ‘मी?’ हेच उत्तर शोभतं.

मुशाफिर: हात पटला, बोट नाही पटत. चित्र डाव्या भिंतीवर आहे, आत जाऊ देत नाहीत, कठड्यापाशी उभं राहून तिरकं बघावं लागतं, आणि तिथून सगळ्यात जवळ तो मान खाली घातलेला पोरगाच येतो. पुस्तकातल्या सरळ फोटोत हे कळत नाही.

लिंबूसरबत: मग येशू सगळ्यात लांब, त्यात पेत्राच्या (त्याच्या शिष्याच्या) पाठीमागे अर्धा झाकलेला. तो पण येशू नाही की काय मग?

खडूस_काका: तिथे लाईट लागायला पेटीत नाणं टाकावं लागतं. मी टाकलं, बोट कुठे जातंय ते बघतच होतो तर लाईट गेली. दुसरं नाणं बायकोने टाकू दिलं नाही.