लेखक मंडळात "व्वा, छान" पुरतं का?

गिरणाकाठ

आमच्या तालुक्याच्या गावात लिहिणाऱ्यांचं मंडळ आहे. चौदा-पंधरा जण. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला वाचनालयाच्या माडीवर बसतो. शिक्षक आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत, कृषी केंद्रवाले नाना आहेत, केळीचा बाग सांभाळणारी एक वहिनी आहे, कॉलेजची दोन पोरं आहेत. मी नऊ वर्षं जातोय. या माणसांवर माझा जीव आहे, म्हणूनच हे लिहितोय.

बैठक अशी चालते: एक जण वाचतो, बाकीचे "व्वा" म्हणतात, चहा येतो, पुढचा वाचतो. नऊ वर्षांत माझ्या एका ओळीला कोणी "ही काढ" म्हटलं नाही. मग एक दिवस सगळे म्हणाले, "आता पुस्तक काढा." काढलं. एका प्रकाशकाला ३८ हजार दिले, ३०० प्रती. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. आज १७० प्रती पलंगाखाली आहेत. गेल्या दिवाळीत आवराआवर करताना एक उघडली आणि पहिल्याच कथेत लक्षात आलं की कथा तिसऱ्या पानावर सुरू होते. आधीची दोन पानं नुसता पाऊस. पंधरा माणसांत हे कोणालाच दिसलं नसेल? दिसलं असणार. बोलले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: महिन्याला एकाचंच लिखाण घ्यावं, ते आठ दिवस आधी सगळ्यांच्या हातात द्यावं, आणि माडीवर बसून त्यावर खरं काय ते बोलावं.

पांझरेचं पाणी

भाऊ, माझा याला ठाम विरोध. आमच्या मंडळात हे करून झालंय.

एक निवृत्त पोस्टमन यायचे. आयुष्यभर सायकलवर वाडी-वस्ती हिंडलेले. त्यांनी आपल्या म्हशीवर कविता वाचली. आमच्यातले एक विद्वान वीस मिनिटं त्यांच्या मात्रा आणि ऱ्हस्व-दीर्घ काढत बसले. काका काही बोलले नाहीत. कागदाची चौघडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि चहा न घेता जिना उतरले. परत आले नाहीत. दोन वर्षांनी गेले. त्यांची वही कुठे आहे हे घरच्यांनाही सांगता आलं नाही.

१९०७ साली जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं. धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे, सोळा-सतरा वर्षांचं पोर, तिथे उभा राहिला. अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. खान्देशात कवितेचं पीक आलं ते असं, पाठीवर हात ठेवून. गावातल्या माणसाला लिहायला बसायलाच किती धीर लागतो! घरी म्हणतात, रिकामपणाचे उद्योग. निदान मंडळात तरी त्याला मान मिळू द्या.

जुना मास्तर

पोस्टमन काकांचं वाचून वाईट वाटलं. पण पांझरा, तिथे जे झालं ते वहीतपासणी होती. त्यांची कविता कोणी वाचलीच नाही. मी तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, दोन्हींतला फरक मला कळतो. ऱ्हस्व-दीर्घ मुद्रितशोधकावर सोडावं. म्हैस डोळ्यांपुढे उभी राहिली का, एवढंच विचारायला हवं होतं.

गिरणाकाठ यांना पाठिंबा. मात्र शिक्षकांनी सगळ्यात शेवटी बोलावं, असा नियम करा. हे मी शिक्षक असून सांगतोय. आम्ही आधी बोललो की बाकीचे गप्प होतात.

आखाजीचा झोका

पुस्तकाच्या खर्चावर जे लिहिलंय ते मला पटलं नाही.

माझ्या वडिलांनी पीएफच्या पैशांतून कवितासंग्रह काढला. तोही पलंगाखालीच आहे. पण प्रकाशनाच्या दिवशी ते पहाटे चारला उठून दाढी करून बसले होते. माझ्या लग्नातही मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. लग्नात आपण पाचशे पानं उठवतो, त्याचा हिशोब कोणी मागत नाही. साठ वर्षं दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाने स्वतःच्या नावाचं एक पुस्तक पाहिलं तर त्याचा हिशोब का? विकलं गेलं नाही म्हणून ते वाया गेलं, असं मी मानत नाही.

सातपुड्याचा पोऱ्या

माले जे वाटस ते सांगस. मी अहिराणीत लिहितो. मंडळात वाचलं की सगळे म्हणतात, "व्वा, आपली बोली, जपली पाहिजे!" आणि टाळ्या. कथेत काय घडलं, शेवट का तसा झाला, यावर एक शब्द नाही. बोलीला नमस्कार केला की ऐकायचं राहिलं तरी चालतं. मला नमस्कार नको, माझी कथा कुठे पडली ते सांगा. मी अजून वीस वर्षांचाही नाही, मला सुधारायला वेळ आहे.

पांझरेचं पाणी

पोऱ्या, तुझं म्हणणं कळतं. तुला हवं असेल तर जरूर माग. पण सगळ्यांवर लादू नका.

आणि बहिणाबाईंचं काय? आसोद्याची लेक, अक्षरओळख नाही. त्यांना कोणी "ही ओळ काढ" म्हटलं होतं? घरच्यांनी ऐकलं आणि लिहून घेतलं, बस. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक आलं. जे लिहून घेतलं नव्हतं ते त्यांच्याबरोबर गेलं. गावातल्या मंडळाचं खरं काम हेच आहे. ऐकायचं, आणि कागद हरवू द्यायचा नाही.

जुना मास्तर

कागद हरवू द्यायचा नाही, हे शंभर टक्के मान्य. पण बहिणाबाईंना कोणी कान दिला नाही, असं म्हणू नका. ज्या ओवीवर त्या वाढल्या ती जात्यावरची. दोन बाया समोरासमोर बसून एकच खुंटा ओढतात. ओळ लांबली की हात अडखळतो, हे माझ्या आजीच्या जात्याजवळ बसून मी पाहिलंय. आवडलेली ओवी दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून ऐकू यायची, बाकीच्या पिठाबरोबर गेल्या. अशी चाळण पिढ्यानपिढ्या चालली. आपल्याकडे आता जातं राहिलं नाही, म्हणून ही माडी.

रातपाळी

गिरणाकाठ भाऊ, ती केळीवाली वहिनी मीच.

मी रात्री लिहिते. शेताला लाईट रात्रीची असली की मोटार चालू करून मळ्यातल्या खोलीत बसावं लागतं, तेव्हा. कापसाच्या काट्याच्या पावत्यांमागे लिहिते, मग वहीत उतरवते. पांझरा दादांचं खोटं नाही, मंडळाने "व्वा" म्हटलं नसतं तर मी दुसऱ्यांदा माडी चढलेच नसते.

पण मागच्या वर्षी एका कथेत मी लिहिलं होतं, "आई फार थकली होती." मंडळात सगळ्यांना कथा आवडली. घरी माझ्या बारावीतल्या मुलीने वाचली आणि विचारलं, "आजी थकली, हे तुला कसं कळलं?" मी चिडले. मग दोन रात्री ते डोक्यातून जाईना. आठवायला बसले. कापूस वेचणीचे दिवस होते. बोंडाच्या टोकांनी आईच्या उजव्या हाताच्या पेरांवर चरे पडले होते. कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात होता. तिखट झोंबतं म्हणून ती डाव्या हाताने जेवत होती, आणि आजोबा पाहतील म्हणून भिंतीकडे तोंड करून. हे मी स्वतः पाहिलेलं, तरी कथेत नव्हतं. ते वाक्य खोडलं आणि हे लिहिलं.

तो प्रश्न तिने विचारला नसता तर माझी आई "फार थकली होती" एवढीच राहिली असती.

पांझरेचं पाणी

ताई, असा प्रश्न विचारणारं कोणी असेल तर माझं म्हणणं मी अर्धं मागे घेतो. अर्धंच. पोस्टमन काकांसमोर मी तेव्हा गप्प बसलो होतो, ते अजून सलतं.

गिरणाकाठ

झोका ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून माझं ३८ हजारांचं दुःख कमी झालं. पण पलंगाखालच्या प्रतींआधी एक पायरी असू शकते. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. वाचणारी पोरं एका छपराखालची. तसं आपण वर्षाला एक हस्तलिखित करू. चार झेरॉक्स, एक वाचनालयात. कागदही हरवणार नाही आणि छापण्याआधी चार जणांच्या नजरेखालून जाईल.

रातपाळी

हस्तलिखिताला मी पन्नास पानांची वही आणते. आणि येत्या दुसऱ्या रविवारी माझी नवी कथा घ्या. अकरा पानं आहेत, शनिवारी कृषी केंद्रात नानांकडे प्रती ठेवते. शेवट जमलेला नाही, हे मला माहीत आहे. कुठे बिघडला ते कळत नाही. वाचून या, मग बोला. आणि वाहक काकांना कोणीतरी घरून घेऊन या, त्यांचा गुडघा दुखतोय म्हणून ते दोन महिने जिना चढलेले नाहीत.