शब्दचर्चा : अवशेष, जीवाश्म आणि अवशेषांग

प्रश्न : उत्क्रांतीच्या पुराव्यांविषयीच्या लेखनात 'अवशेष', 'जीवाश्म' आणि 'अवशेषांग' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. त्यांच्यात नेमका फरक काय?

उत्तर : 'अवशेष' हा व्यापक शब्द आहे, पडक्या किल्ल्याचेही अवशेषच असतात. प्राचीन सजीवाचा खडकात टिकून राहिलेला भाग, ठसा किंवा माग म्हणजे 'जीवाश्म', त्यामुळे पावलांचे ठसेही त्यात मोडतात. 'अवशेषांग' मात्र आजच्या सजीवाच्या शरीरात असते. ते पूर्वजांमध्ये पूर्ण विकसित असलेल्या अवयवाचे खुरटलेले रूप होय.

देवमाशाच्या बाबतीत दोन्ही शब्दांची गरज पडते. त्याला मागचे पाय नाहीत, तरी शरीरात कमरेची लहान हाडे असतात, ती अवशेषांगे. इजिप्तमधील वाडी अल्-हितान येथे सापडलेल्या, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या बॅसिलोसॉरस या देवमाशाच्या सांगाड्यांत मात्र गुडघा, घोटा आणि बोटे असलेले चिमुकले मागचे पाय आहेत, हे जीवाश्म. त्याहूनही जुन्या, पाकिस्तानात मिळालेल्या देवमाशांच्या घोट्याच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध मला सर्वांत बोलका वाटतो, कारण अशी खाच गाय, हरीण, पाणघोडा या समखुरी (पायाला सम संख्येने खूर असलेल्या) प्राण्यांचीच खूण आहे, म्हणजे देवमासे त्यांचेच नातेवाईक ठरतात.

'अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अवयव' ही व्याख्या मात्र टाळावी. देवमाशाच्या कमरेच्या हाडांना जननेंद्रियांचे स्नायू जोडलेले असतात, म्हणजे ती निकामी नाहीत. त्यांनी सोडले आहे ते पाय पेलण्याचे मूळ काम.

पुरवणी : याच चर्चेत 'समजात', म्हणजे समान पूर्वजाकडून आलेल्या एकाच रचनेचे, हा शब्दही घ्यावा. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा पर यांची कामे निरनिराळी असली, तरी तिन्हींत दंडाचे एक हाड, त्यापुढे दोन हाडे, मग मनगटाची आणि बोटांची हाडे हाच क्रम आढळतो, कारण तो समान पूर्वजाकडून आला आहे. फुलपाखराच्या आणि पक्ष्याच्या पंखांचे काम एकच असले, तरी फुलपाखराच्या पंखात हाडच नसते. म्हणून त्यांना समजात म्हणू नये, 'कार्यसदृश' म्हणावे.