जुन्या जिप्सीवर ७५ हजार घालायचे तर आधी कुठं? माझं मत: लिफ्ट सगळ्यात शेवटी

लालमाती_जिप्सी
मंडळी, गाडी २००४ ची जिप्सी किंग, १.३ एमपीएफआय. मी कोल्हापुरातच राहतोय आणि पावसाळ्यात जमेल त्या रविवारी गगनबावडा नाहीतर राधानगरीकडं असतोय. १५ वर्षांनंतरचं पासिंग २०१९ ला केलं, २०२४ ला परत केलं, त्यामुळं गाडी विकायचा विषयच नाही. ७५ हजार बाजूला काढलेत आणि ज्याला विचारावं तो म्हणतोय आधी दोन इंच लिफ्ट मार (म्हणजे गाडीची बॉडी चाकांपासनं वर उचल), बाकीचं मग बघू.

मला हे पटत नाही. जिप्सीला पुढं-मागं दोन्हीकडं सलग अ‍ॅक्सल आहे, त्याला पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बांधलेत. लिफ्ट केली की बॉडी आणि चासी वर जाते, पण डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) आहे तिथंच राहतंय, आणि आपल्याकडं दगडाला आधी तेच लागतंय. ते वर घ्यायचं तर टायरच मोठा पाहिजे. २०५/७० आर १५ चा व्यास साधारण ६६८ मिमी, २१५/७५ चा ७०३ च्या आसपास, म्हणजे डिफरन्शियलखाली १७-१८ मिमी जास्त. स्पीडोमीटर ५ टक्क्यांनी कमी दाखवणार, एवढं चालतंय.

म्हणून माझा क्रम असा: आधी स्टिअरिंग, ब्रेक, बुश, सील. मग पाच ऑल टेरेन टायर (डांबर-माती दोन्हीला चालणारे). मग हवेचा कॉम्प्रेसर, अडकलेली गाडी ओढायचा चांगला पट्टा आणि तो अडकवायच्या दोन लोखंडी कड्या, म्हणजे डी-शॅकल. संपलं. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी कारणासकट सांगा.

शिरोली_४बाय४
भावा, गणित बरोबर हाय पण रस्ता विसरलास. ऊसाच्या ट्रॉल्या गेलेल्या पाणंदीत कधी घातलीस का गाडी? चाकोरी गुडघ्याएवढी. तिथं बंपर लागतोय, ट्रान्सफर केसखालचा (फोर बाय फोरच्या गिअरबॉक्सखालचा) आडवा क्रॉसमेंबर लागतोय, ओढा चढताना मागं टो-हूक मातीत रुततोय. अ‍ॅप्रोच अँगल, म्हणजे बंपर न लागता किती उभा चढ चढता येतोय तो कोन, लिफ्टनंच वाढतोय. आणि वीस वर्षाचे पाटे सरळ झालेले असणार, त्याच्यावर मोठा टायर घातलास की भरल्या गाडीत मडगार्डला घासणार. मग परत लिफ्टच करशील, खर्च दोनदा.

लालमाती_जिप्सी
पाटे बसलेत हे मान्य, मागं मोजलं तर उजवी बाजू इंचभर खाली आहे. पण त्याला इलाज लिफ्ट किट नाही, आहेत तेच पाटे उतरवून परत बाक देऊन घ्यायचा, तडा गेलेलं पान बदलायचं, बुश नवीन. गाडी कंपनीच्या उंचीवर आली की टायर घासत नाही.

लिफ्टला मी का घाबरतो ते सांगतो. मित्राच्या जिप्सीला एका गॅरेजमध्ये लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) लावून पुढनं उचललं होतं. त्यानं अ‍ॅक्सल फिरला, कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा कल) कमी झाला, वर किंगपिनचे (ज्याच्यावर पुढचं चाक वळतंय त्या पिनचे) बेअरिंग आधीच झिजलेले. हायवेला ७० च्या पुढं एका सांध्यावरनं गेलो आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की दोन्ही हातांनी धरून थांबत नव्हतं, गाडी पार हळू केल्यावरच थांबलं. शेजारच्या सीटवर त्याची सहा वर्षाची मुलगी होती. तेव्हापासनं मला उंचीचं अप्रूप राहिलं नाही.

आणि कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावर सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. पुढच्या पासिंगला हा प्रश्न येणारच. पुढचे लोखंडी बुलबार तर २०१७ पासनं नकोच म्हणून सरकारनं कळवलंय.

पाटगावकडचा
माझं मत दोघांपेक्षा वेगळं. शेत भुदरगडच्या टोकाला, पावसात मी एकटा जातो, मोबाईलला रेंज नाही. पट्टा कुणाला लावू, झाडाला? झाड गाडी ओढत नाही. मला विंचच (बंपरला बसवायचं, दोरीनं गाडी ओढून काढणारं मोटरचं यंत्र) पाहिजे आणि जुन्या गाडीला तर आधी पाहिजे, कारण तीच बंद पडते. अडकून रात्र काढलीय मी गाडीत, तुम्ही लोक ग्रुपनं जाता म्हणून तुम्हाला पट्टा पुरतो.

लालमाती_जिप्सी
दादा, तुमची अडचण खरी आहे आणि तुमच्यासाठी विंच बरोबरच. फक्त बॅटरी आणि अल्टरनेटर आधी तपासून घ्या, विंच करंट लई ओढतोय, आणि ते सगळं वजन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढं बसतंय. जिप्सी टनाच्या आतबाहेरची गाडी, पुढचे पाटे लगेच दबतात. माझं म्हणणं रविवारी फिरणाऱ्यांसाठी आहे: दोन गाड्या असल्याशिवाय जायचंच नाही. आणि पट्टा चासीला पक्क्या बसवलेल्या हूकलाच लावा, टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही, तो तुटून उडाला तर माणूस जातोय.

उद्यमनगर_मिस्त्री
आधी गाडी सुधारायची ह्याला माझा पाठिंबा, रोजचं काम हाय आपलं. पण एक राहिलं, अ‍ॅक्सलचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर-आत व्हायची भोकं. गरम अ‍ॅक्सल ओढ्यात घातला की आतली हवा आकसती आणि जुन्या सीलमधनं पाणी ओढती, चार दिवसानं ऑइल काढलं की दुधाच्या चहासारखं निघतंय आणि क्राऊन-पिनियन (आतली दातेरी चाकं) गंजायला लागलेलं असतंय. नळी लावून ब्रीदर वर बॉनेटपर्यंत न्या, खर्च काहीच न्हाई. पुढच्या चाकांचे हबपण खोलून ग्रीस भरा, जाग्यावर जाऊन चाक अ‍ॅक्सलला जोडणारं हबचं लॉक फिरंना झालं तर फोर बाय फोर नुसतं नावाला.

टायरचं मात्र पटलं न्हाई. आपल्या पश्चिमेच्या लाल चिखलात ऑल टेरेनची नक्षी दहा मिनिटात भरती, गुळगुळीत होती. हलक्या गाडीला अरुंद मड टेरेन (चिखलाचे, खोल नक्षीचे टायर) घाला, वरचा चिखल कापून खाली घट्ट जागा धरतोय.

लालमाती_जिप्सी
ब्रीदर यादीत घेतला, हे सुचलंच नव्हतं.

टायरवर मात्र मी ठाम आहे. माझं शंभरातलं नव्वद किलोमीटर डांबरावर आहे. करूळच्या उतारावर पावसात ओल्या डांबराला मड टेरेनची पकड कमी पडते, ब्रेक लांब लागतो, खाली वळणावर समोरनं एसटी. चिखलात मी टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतो, त्यानंच निम्मी अडचण सुटते, म्हणून तर कॉम्प्रेसर. (ट्यूब असेल तर इतकं उतरवू नका, रिंग फिरून व्हॉल्व्ह तुटतोय.) आणि एक कळकळीची विनंती, टायर कुठलाही असो, मसाई पठारावर रस्ता सोडून गाडी घालू नका. तिथल्या जांभ्यावर मातीचा थर बोटभर आहे, एकदा चाकोरी पडली की तिथं फूल येत नाही.

शनिवारी गाडी उद्यमनगरात लावतोय. किंगपिन, पाटे, मागचे ब्रेक शू एकदमच उघडायचेत.

शिरोली_४बाय४
मला अजून पाणंद तुझ्या लेखात कुठंच दिसंना, ते असू दे. शनिवारी मीबी येतोय. पाटे उतरवले की मेन पानाखालचं दुसरं पान वायर ब्रशनं घासून बघ, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडा असती ती गंजात दिसत न्हाई. चारातली तीन फुटकी निघाली तर जुन्याला बाक देण्यात पैसे घालवू नको, नवीन सेट घे. किती उंचीचा ते तिथं भांडू.