लॅक्टिक ॲसिड = दुग्धाम्ल?

ताम्हण: एका प्रस्तावित प्रकल्पाचं माहितीपत्रक मराठीत आणतेय. उसाच्या साखरेचं किण्वन करून, म्हणजे जिवाणूंकडून आंबवून, लॅक्टिक ॲसिड. त्याची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून (अभिक्रियेचा वेग वाढवणारा, पण तीत स्वतः खर्च न होणारा पदार्थ) नेली की रेणूतलं पाणी निघून ॲक्रिलिक ॲसिड, जे रंगांत आणि डायपरमध्ये लागतं. मी 'दुग्धाम्लाचे निर्जलीकरण' लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा आला, 'यात दूध कुठे आहे? आणि निर्जलीकरण म्हणजे जुलाब ना?' काय लिहू?

खडूफळा: दुग्धाम्लच ठेवा. शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून काढलं म्हणून ते नाव. 'लॅक्टिक'मध्ये तरी दुसरं काय आहे? लॅटिनमधलं दूधच. त्यांना चालतं, आपल्यालाच शेरे.

प्लांटवाला: कोणी म्हणत नाही हो दुग्धाम्ल. ड्रमवर लॅक्टिक, तोंडात लॅक्टिक. उत्प्रेरकसुद्धा कागदावरच, तोंडात कॅटॅलिस्ट. काम थंडावलं की ऑपरेटर 'कॅटॅलिस्ट मेला' म्हणून मोकळा होतो.

मोडी_वाचक: उत्प्रेरक हा शब्दच ओढूनताणून आणलेला. घरात विरजण असताना संस्कृतच्या दारात कशाला जायचं? चमचाभर घातलं की पातेलंभर काम.

प्लांटवाला: विरजण नको! त्यातले जिवाणू वाढतात. पातेलंभर दह्यातून उद्याचं विरजण निघतं. कॅटॅलिस्ट वाढत नाही, उलट त्यावर कोक, म्हणजे कार्बनचा थर, जमतो. आणि गंमत म्हणजे लॅक्टिक ॲसिड तयार करणारे तेच जिवाणू. म्हणजे विरजण पहिल्या टप्प्याचं, कॅटॅलिस्ट दुसऱ्याचा. एकच शब्द दोन्हीकडे लावलात तर वाचक गेला कामातून.

खडूफळा: पण 'प्रेरक' तरी पुरतो का? नुसता वेग वाढवून भागत नाही. 300 अंशांच्या पुढे लॅक्टिक ॲसिडला दुसरी वाटही मोकळी असते, कार्बन मोनॉक्साइड किंवा डायऑक्साइड सोडून ॲसिटाल्डिहाइड हे वेगळंच रसायन. कोणती वाट धरायची हे उत्प्रेरकावर ठरतं. रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1835 मध्ये कॅटॅलिसिस हे नाव दिलं, त्यातही ही निवड दिसत नाही.

मोडी_वाचक: मग 'वाटाड्या' म्हणा.

ताम्हण: माहितीपत्रकात वाटाड्या?? बरं, निर्जलीकरणाचं कोणी सांगेल का?

शेवगा: विरजणाला आमच्या घरी मुरवण म्हणतात. विरजण म्हटलं की मला आधी 'उत्साहावर विरजण पडलं' आठवतं. अभिक्रियेवर विरजण पडलं तर ती चालणार की बंद पडणार?

मोडी_वाचक: मुरवण! हा कुठला शब्द? तुमचं गाव कोणतं?