येळवस 19 ला, यूल 21 ला. घरी कसं करू?

तेरणाकाठ (10 डिसेंबर 2025)

नमस्कार. मी औसा तालुक्यातली. गेली चार वर्षं विक्का मानते. पुण्यात होते तेव्हा खोली माझी एकटीची, दार लावलं की झालं. दीड वर्षापासून गावी राहून काम करते. घरात आजी, आई, वडील, धाकटा भाऊ. दार लावून घ्यायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर आता लावावंसंही वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विक्का म्हणजे निसर्गाला पुजणारा धर्म. इंग्लंडमध्ये 1951 साली चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी तो उघडपणे लोकांसमोर मांडला. देवी आणि देव दोघांना मानायचं, कुणाला इजा होईल असं काही करायचं नाही, आणि वर्षाचे आठ सण पाळायचे. यूल हा सर्वांत मोठ्या रात्रीचा सण. त्या रात्री देवीच्या पोटी सूर्य पुन्हा जन्म घेतो. म्हणून उजाडेपर्यंत आग जागती ठेवतात, ओकचा ओंडका जाळतात आणि त्यातला एक तुकडा पुढच्या वर्षीची आग पेटवायला राखून ठेवतात.

माझी पूजेची जागा म्हणजे आईच्या शिलाई मशीनचं झाकण. उत्तरेला मिठाची वाटी आणि तेरणा नदीतला काळा गुळगुळीत गोटा, पूर्वेला उदबत्ती, दक्षिणेला मेणबत्ती, पश्चिमेला पाण्याचा तांब्या. आईला शिवायला बसायचं असलं की सगळं उचलून फळीवर ठेवते.

यंदा 22 सप्टेंबरला मेबन होता. सुगीचे आभार मानायचा सण. सफरचंदं आणून ठेवली होती. तो आठवडा कसा होता ते इथल्या लोकांना सांगायला नको. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटत होते. वडील शेताकडं जाऊन आले, मांडीपर्यंत चिखल, आणि पाय न धुता ओट्यावर बसून राहिले. मी आत काडीपेटी हातात धरून उभी. आभार कशाचे मानू? मेणबत्ती लावलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मिठाच्या वाटीशेजारी मूठभर भिजलेलं सोयाबीन. काळं पडलेलं, वास सुटलेला. आजीनं ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "तू काय पुजलालीस ते मला कळत नाही. पण शेताचंच हाय ना? मग गेलेलं बी दाखवावं की देवीला."

तेव्हाच ठरवलं, यूल आजीला सोडून करायचा नाही.

यंदा येळवस, म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावास्येचा शेतातला सण, शुक्रवारी 19 ला आहे आणि यूल रविवारी 21 ला. दोन्हींमध्ये शेत आहे, आग आहे. पण दोन्ही एकत्र करावं का? येळवशीत आपलं काही घुसवलं तर तिचा अपमान होईल का, ही धाकधूक आहे. ओक इथं मिळत नाही, त्याच्या जागी कुठलं लाकूड घेऊ? आणि आईला शेजारपाजारची भीती वाटते. "विच" या शब्दाचा अर्थ (चेटकीण) भावानं तिला मोबाइलवर दाखवला, तेव्हापासून ती नीट जेवलेली नाही. तिला काय सांगू?

काळीमाती

ताई, तुमच्या धर्मातलं मला काही ठाऊक नाही, पण येळवशीबद्दल बोलू शकतो. आमचं शेत निलंग्याकडं.

येळवस आहे तशीच करा. ती लक्ष्मीची आणि पांडवांची. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना-काव लावायचा, नैवेद्य दाखवायचा. भज्जीत तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, चिंच, डाळीचं पीठ. आदल्या दिवशी ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात कालवून मडक्यात मुरत ठेवलेली, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला हाताला धरून बोलावून आणायचं. यात तुमची मेणबत्ती नको. राग मानू नका. आपल्या आयाबायांनी हे जसं दिलं तसं पुढं जावं, एवढंच वाटतं.

पण संध्याकाळी हेंडगा पेटवतात ना, कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात, त्या जाळावर एक पणती लावून घ्या आणि ती घरी आणा. अमावास्येच्या रात्रीपासून 21 च्या रात्रीपर्यंत ती तेवत ठेवा. तुमची आग तिच्यावरच पेटवा. मग येळवशीत काही घातल्यासारखंही होत नाही आणि आग शेतातलीच राहते.

लाकूड बाभळीचं घ्या. जड असतं, सावकाश जळतं, इंगळ चांगले धरतं. पुरात तेरणेच्या काठच्या बाभळी मुळासकट पडल्यात, त्यातलंच एखादं खोड बघा. उभं झाड तोडू नका. ओलं असेल तर आत्ताच फोडून उन्हात टाका, नाहीतर नुसता धूर होईल.

पाणचक्कीजवळ

मी संभाजीनगरची, नऊ वर्षं विक्कात आहे. तुमच्या आजीचं वाक्य वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही.

पहिली तीन वर्षं मी यूलला सजावटीच्या दुकानातून पाइनची बोंडं आणि प्लास्टिकची हॉली आणायची. फोटो छान यायचे. मनाला काही लागायचं नाही. मग कळलं की ऑस्ट्रेलियातले विक्कन यूल जूनमध्ये करतात, कारण त्यांची मोठी रात्र तेव्हा असते. म्हणजे सण छापील तारखेला बांधलेला नाही, तो डोक्यावरच्या सूर्याला आणि पायाखालच्या मातीला बांधलेला आहे. ओक तिथे पवित्र, कारण तो त्यांच्या रानात उभा आहे. तुमच्या रानात बाभूळ आणि निंब उभे आहेत. सदाहरित फांदी हवीच असेल तर आंब्याचा डहाळा लावा. वर काळीमाती दादांनी पणतीचं सुचवलंय ते मला फार आवडलं.

एका गोष्टीत मात्र माझं मत ठाम आहे. आजीला वर्तुळात, म्हणजे पूजेसाठी आखलेल्या जागेत, बसवायचं असेल तर आधी सांगा की हे वर्तुळ आहे, इथे अमुक देवतेला बोलावतोय, मधूनच उठावंसं वाटलं तर उठा. तिच्या नकळत तिला आपल्या विधीत ओढू नका. तिनं नाही म्हटलं तर ती बाहेर शेकत बसेल, तुम्ही तुमचं करा.

भूगोलाचा तास

अंबाजोगाईला शिकवतो. तारखेबाबत थोडं सांगतो, तुमच्या कामी येईल.

यंदा अयनबिंदूचा क्षण, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो तो क्षण, 21 तारखेला रात्री 8 वाजून 33 मिनिटांनी आहे. लातूर भागात त्या दिवशी सूर्योदय साधारण 6:51 ला, सूर्यास्त 5:52 ला, म्हणजे दिवस 11 तासांचा. लंडनला तो 8 तासांचाही भरत नाही. तिकडच्या लोकांना सूर्य परत येतो की नाही अशी भीती का वाटली असेल, ते यावरून कळतं. आपल्याकडे तेवढा अंधार कधीच नसतो.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. 21 ला दुपारी 12:22 च्या सुमारास अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी धरा. सावली 90 सेंटिमीटरच्या आसपास पडेल. वर्षातली दुपारची सर्वांत लांब सावली तीच. टोकाला खडूनं खूण करा आणि संक्रांतीला त्याच वेळी पुन्हा मोजा, सावली आखडलेली दिसेल. संक्रांत आणि उत्तरायणाचा खरा प्रारंभ पूर्वी एकाच दिवशी यायचे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे साधारण 72 वर्षांत एक दिवस असं करत संक्रांत पुढे सरकली.

आणि कळकळीची विनंती. बंद खोलीत शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवून रात्र जागवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आग अंगणात, कडब्याच्या गंजीपासून लांब, शेजारी पाण्याची बादली भरलेली.

उंबरठा

आईबद्दल लिहिते, कारण मीही आई आहे. धाराशिवची.

त्यांची भीती खोटी नाही. गावात "चेटकीण" या शब्दानं बायकांची आयुष्यं उद्ध्वस्त झालीत. आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला तो अशाच छळाला आणि फसवणुकीला आळा घालायला. ज्या पूजेनं कुणाला शारीरिक इजा होत नाही, कुणाचे पैसे बुडत नाहीत, ती घरात करायला त्याची आडकाठी नाही. हे आईला शांतपणे सांगा.

पण "हा नाताळच आहे" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ नका. आईला खोटं लगेच कळतं. मोबाइल बाजूला ठेवा आणि त्यांना मशीनच्या झाकणासमोर बसवा. मीठ, पाणी, दिवा, नदीचा गोटा. यातलं घाबरण्यासारखं काय आहे ते त्यांनाच विचारा. आणि शिवायला बसताना मांडलेलं उचलायचं झालं तर ते कसं उचलायचं, हे त्यांच्याच हातांनी करून घ्या.

तेरणाकाठ (22 डिसेंबर)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

येळवस जशीच्या तशी केली. हेंडग्यावर पणती लावली आणि मोटारसायकलवर मागं बसून, ओंजळ धरून, भावाला हळू चालवायला सांगत घरी आणली. 20 च्या पहाटे वाऱ्यानं ती विझली. आजी जागीच होती. तिनं काडी ओढून पुन्हा लावली, मला उठवलंसुद्धा नाही. सकाळी सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. ती म्हणाली, "इझलेला दिवा लावायलाच असतो की." मग त्याच पणतीवर 21 ला आग पेटवली.

बाभळीचं खोड वडिलांनी आणलं, न विचारता. ते किंचित ओलं होतं, पहिला तासभर डोळे चुरचुरत होते. मग तुराट्या घातल्या आणि धरलं. वर्तुळाचं आजीला सांगितलं. ती म्हणाली, मी बाहेर बसते. बाजेवर घोंगडं घेऊन पहाटेपर्यंत बसली. आई दोनदा चहा देऊन गेली, थांबली नाही. मशीनच्या झाकणासमोर तिला अजून बसवलेलं नाही, धीर झाला नाही. या आठवड्यात बसवते.

सावली 91 सेंटिमीटर भरली, सर. काठी थोडी कलली असेल.

जळका तुकडा आजीनं गार झाल्यावर फडक्यात बांधून बियाण्याच्या डब्यात ठेवलाय.

पाणचक्कीजवळ ताई, एक विचारायचं होतं. 1 फेब्रुवारीला इम्बोल्क, आपल्या आठ सणांतला पुढचा. तिकडे तेव्हा मेंढ्यांना दूध येतं म्हणून दुधाचा नैवेद्य असतो. आमची ज्वारी यंदा पावसामुळे उशिरा पेरली, तेव्हा ती हुरड्यात असेल. पहिलं कणीस दुधाच्या दाण्यांचं असतानाच दाखवलं तर चालेल का, की दूधच हवं?