मदत हवी आहे: इंधन वाचवणारा एअर व्हॉल्व्ह बसवावा का, आणि बसवायचाच असेल तर कोणत्या नळीवर?

नमस्कार. माझ्या मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालणारे, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) पद्धतीचे असून वॉरंटी संपलेली आहे. ॲव्हरेज हळूहळू कमी होत चालल्यामुळे मेव्हण्यांनी एक एअर व्हॉल्व्ह आणून दिला आहे. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, एका तोंडाला फोमचा लहानसा फिल्टर आणि आत स्प्रिंगवर टेकलेली गोळी, एवढीच त्याची रचना आहे. सोबतच्या कागदानुसार इन्टेक मॅनिफोल्डकडून (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांकडून) व्हॅक्यूम घेणाऱ्या कोणत्याही नळीत टी-जॉईंट घालून तो बसवायचा. व्हॅक्यूम वाढला की गोळी उचलली जाते, थ्रॉटलला (पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेला) वळसा घालून थोडी जादा हवा आत शिरते, पेट्रोल ‘पूर्ण’ जळते आणि ॲव्हरेज वाढते, असा दावा आहे.

कार्बोरेटरच्या इंजिनात याला काही अर्थ असावा, हे मला समजते. कार्बोरेटरचे मिश्रण पुष्कळदा गरजेपेक्षा रिच (पेट्रोल जास्त असलेले) असे आणि थोडी जादा हवा दिली तर ते सावरत असे. परंतु माझ्या इंजिनात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रणावर सतत लक्ष ठेवतो आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण राखतो. मग चोरवाटेने आलेली हवा ईसीयूला कळल्यावर तो तेवढे पेट्रोल वाढवणार नाही का? आणि वाढवणार असेल, तर बचत नेमकी कोठून होते?

दुसरी बाजूही सांगायला हवी. हाच व्हॉल्व्ह वापरणारे एक परिचित पिकअप सुधारल्याचे ठामपणे सांगतात आणि ते उगाच काही बोलणारे गृहस्थ नाहीत. त्यांना जाणवणारा फरक कशामुळे असू शकेल? शिवाय मेकॅनिकने ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या भागाची) नळी हाताशी येते म्हणून तीच सुचवली आहे, आणि मला सर्वांत जास्त धास्ती त्याचीच वाटते. पीसीव्हीची (क्रँककेस, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कोठ्यातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी) नळी वापरली तर चालेल का?

प्रतिसाद

ब्रेक बूस्टरच्या नळीला हात लावू देऊ नका. बाकीचे मुद्दे त्यानंतरचे. त्या नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो आणि इंजिन बंद पडले तरी त्याच्यामुळे बूस्टरमध्ये मोजक्या वेळा ब्रेक दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक राहतो. टी-जॉईंट बूस्टर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांच्यामध्ये आला आणि गोळी नीट बसली नाही, तर हा साठा गळून जातो व ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. तो मॅनिफोल्डच्या बाजूला घातला तर साठा टिकतो, पण बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूमच कमी पडू शकतो. पीसीव्हीच्या नळीत ब्रेकचा धोका नाही. मात्र क्रँककेसमधली वाफ ओढण्याचे काम मंदावते, आणि फोमचा तो फिल्टर इंजिनाच्या मूळ फिल्टरची जागा घेऊ शकत नाही, त्यामुळे धूळ सरळ सिलिंडरपर्यंत जाऊ शकते.

बचतीविषयी तुमची शंका रास्त आहे. तुमच्या इंजिनाला मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सेन्सर असेल, तर जादा हवेने मॅनिफोल्डमधला दाब वाढलेला ईसीयूला लगेच दिसतो आणि तो त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. एअरफ्लो मीटर असेल, तर मीटरला चुकवून आलेल्या हवेने मिश्रण क्षणभर लीन (पेट्रोल कमी असलेले) होते, ऑक्सिजन सेन्सर ते पकडतो आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती) वाढवून प्रमाण पूर्ववत केले जाते. ट्रिमची मर्यादा ओलांडली गेली तर पी ०१७१ (मिश्रण फार लीन) हा कोड नोंदवला जाऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. मिश्रण किंचित लीन ठेवले तर पेट्रोल खरोखरच थोडे वाचते, हे खरे आहे. परंतु तसे केले की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजन ऑक्साइडे नष्ट करता येत नाहीत, म्हणून ईसीयू ते होऊ देत नाही. शिवाय आत आलेल्या पेट्रोलपैकी जेमतेम दोन-तीन टक्केच न जळता राहते. ‘पूर्ण’ जाळून मिळवण्यासारखे तेथे फारसे उरलेलेच नाही.

तुमचे परिचितही चुकीचे सांगत नसावेत. पेडल पूर्वीइतकेच दाबले असताना व्हॉल्व्हमधली हवा जादा येते, तिच्या जोडीला पेट्रोलही येते आणि गाडी हलक्या पायाने पुढे सरकते. थ्रॉटल थोडा अधिक उघडल्याने जे झाले असते तेच येथे होते, त्यामुळे पाय कमी दाबावा लागला म्हणून पेट्रोल कमी लागले असे होत नाही. जोरात वेग घेताना तर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ उरत नाही, म्हणजे खऱ्या पिकअपच्या वेळी ती गोळी बंदच असते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली असून त्यांत हवा सोडणारे असे व्हॉल्व्हही होते. लक्षणीय बचत करणारे उपकरण त्यांना आढळले नाही.

त्यापेक्षा ॲव्हरेज का घसरले ते शोधा. उघडाच अडकल्यामुळे इंजिन पुरेसे तापू न देणारा थर्मोस्टॅट, सुस्तावलेला ऑक्सिजन सेन्सर, घासत राहणारा ब्रेक आणि टायरमधली कमी हवा ही नेहमीची कारणे आहेत. ओबीडी स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारे यंत्र) लावून इंजिन तापल्यावरचे तापमान आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम आधी पाहून घ्या.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. बूस्टरची नळी कापू नये असे मेकॅनिकला कळवले आहे. एकच शंका उरते. उतारावर पाय पूर्ण काढलेला असताना व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो; निदान तेव्हा तरी हा व्हॉल्व्ह काही वाचवेल का?

प्रतिसाद

नाही. गाडी गिअरमध्ये असताना पेडल पूर्ण सोडले आणि आरपीएम आयडलिंगच्या बरेच वर असले, तर ईसीयू इंजेक्टर बंदच करतो. त्या वेळी पेट्रोल मुळात जात नसल्याने वाचवायला काही नसते. उलट आत शिरणाऱ्या हवेमुळे इंजिन ब्रेकिंग थोडे कमी होते आणि उतारावर पायातल्या ब्रेकवर अधिक भार येतो.